जाड तेल

"अहो, तिला आधी गरम होऊ द्या. झोपेतून उठवून कुणी पळवतं का?"

आईचा, लीलावतींचा हा आवाज हेरंबच्या शाळेच्या दिवसांतला, चंदीगडच्या धुक्यातल्या सकाळचा. बाबा बॉनेटवर तळवा ठेवून उभे, आई मागच्या सीटवर त्याच्या स्वेटरची बटणं लावतेय, आणि गाडी आपली घुमतेय.

आई गेली त्याला वर्ष झालं. आता बाबा, हवाई दलातून निवृत्त झालेले दिगंबर, उद्या त्याच गाडीने नाशिकला काकांकडे कायमचे निघणार होते. ट्रकमधून सामान कालच गेलं. निघण्याआधी ऑइल बदलायचं म्हणून हेरंब गाडी घेऊन मिस्त्रीकडे आला. एका कानात मोहालीच्या ऑफिसची मीटिंग, दुसऱ्या कानाला बाबांचा फोन.

"पापा, ऑइल कौन सा?"

"जाड घालायला सांग. म्हाताऱ्या इंजिनाचे सांधे सैल झालेले असतात रे. नव्या गाड्यांचं पातळ तेल त्यातून पाझरून जातं."

हेरंबने बाबांचा शब्द जसाच्या तसा पुढे केला. "जाड डालना, जी."

"ज्यादा? पक्का?"

"हां जी, हां जी."

मिस्त्रीने नेहमीचंच तेल घातलं, पण खुणेच्या कितीतरी वर.

सेक्टर चौतीसच्या चौकात गाडीने निळा धूर सोडला आणि मुकाट बसली. मिस्त्री आला, खाली वाकला. "सील फट गई. इस मॉडल का पार्ट मिले ना मिले. मैंने तो पूछा था जी, ज्यादा?"

बाबा रिक्षाने पोहोचले. सगळं ऐकून म्हणाले, "जाडला इथं गाढा म्हणायचं, गाढा! इथंच वाढलास ना लेका?" मग ते गाडीशेजारी उकिडवे बसले. तेल गळत होतं, थेंबामागे थेंब. त्यांनी खाली ओंजळ धरली. ओंजळ भरली, बोटांतून ओघळू लागली, तरी हात मागे घेईनात.

"छोड़ो ना पापा." हेरंबला त्यांचा हात धरवेना, नुसतं बघवेना. "मैं ट्रेन देखता हूँ. नहीं तो टैक्सी."

"ट्रेन नको."

"तो फ्लाइट?"

बाबांनी शेवटी ओंजळ सोडली.

"मला जायचंच नाहीये, हेरंब. तुमच्या दोन खोल्यांत माझी अडचण नको, म्हणून जातो म्हणालो होतो."