इंजिनाखालची तार

तपासनीस डांबरावर गुडघे टेकून बसला आणि त्याने टॉर्च मोटरसायकलच्या पोटाखाली धरला. नियमाप्रमाणे आधी ब्रेक पाहायचे असतात. आज नियम गेला उडत.

ही त्याच्या मित्राची गाडी. एकोणतीस वर्षांपूर्वी याच रस्त्यांवरच्या शर्यतीत मित्र चौकातल्या वळणावर घसरला, तो उठलाच नाही. तेव्हा त्याचा मेकॅनिक हाच होता. चौकशीत ठपका आला रस्त्यावरच्या तेलावर. पुढच्या कुणाच्या तरी गाडीचं सांडलं असेल, म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या, यानेही. पण इंजिनाखालच्या, तेल सोडायच्या बोल्टला आपण तार बांधली होती का, हे त्याला काही केल्या आठवेना. तार नसली की हादऱ्यांनी बोल्ट सैल होतो आणि तेल थेट मागच्या चाकावर येतं. जेवताना घास हातातच राहायचा: बांधली होती का? गाडी वहिनींकडे कुलपात होती, पण बघायला जायची छाती झाली नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आज जुन्या गाड्यांच्या शर्यतीत मित्राची लेक ती चालवणार होती.

उजेड बोल्टवर पडला. तार होती.

त्याचा जीव भांड्यात पडला. एकटाच हसलाही तो. मग त्याने मान आणखी वाकवली. तार पकडीने पिळलेली नव्हती. पिठाच्या पिशवीचं तोंड बांधावं तशी गाठीवर गाठ होती. अशी तार त्याने जन्मात बांधली नव्हती.

“बाकी सगळं मी खोललं, काका,” लेक म्हणाली. “हा बोल्ट तेवढा आईने उघडू दिला नाही. तेल वरून पंपाने ओढून काढलं.”

“जा, हेल्मेट घेऊन ये,” मागे उभ्या वहिनींनी तिला पिटाळलं.

“वहिनी, ही तार...”

“गाडी त्या संध्याकाळी अंगणात आणून टाकली. बोल्ट लोंबत होता. चौकशीवाले सकाळी यायचे होते.”

“आणि तुम्ही...”

“हे तर गेलेच होते. तुमची मुलं लहान होती, भाऊजी.”

त्याने टॉर्च खाली ठेवला. “राग नाही आला?”

“येतो ना. रोज येतो.” त्यांनी त्याच्या पेटीतली पकड उचलून त्याच्यापुढे धरली. “आता पोर बसणार आहे. बांधा.”

त्याने गाठी तोडल्या, बोल्ट आवळला. नवी तार भोकात जाईना. वहिनी शेजारी खाली बसल्या आणि त्यांनी टॉर्च धरला.