मेजरांचा तास

"आण्णा, ती ऱ्हाऊ द्या. शुगर किती आलीय, बघितलंय न्हवं?"

मी म्हणेपर्यंत सासऱ्यांनी टोपलीतली शेवटची भाकरी मोडलीसुद्धा. पोट भरलेलं असलं तरी टोपलीत भाकरी उरलेली त्यांना बघवत नाही. लग्न होऊन आल्यापासून मी हेच बघते आहे आणि हेच ओरडते आहे.

"एकटीच ऱ्हायलीय की गं," म्हणाले आणि खाल्ली.

त्या दिवशी ते माझ्याबरोबर कॉलेजात यायचे होते. मी तिथं तासिकेवर इतिहास शिकवते. युद्धाच्या संज्ञांचा पाठ सुरू होता आणि 'माझे सासरे कारगिलला होते' असं मी प्राचार्यांसमोर बोलून गेले होते. "मग आणा की त्यांना वर्गावर!" ते म्हणाले. आण्णा तिथं स्वयंपाकी होते, एवढं मात्र सांगितलं नव्हतं. गल्ली त्यांना मेजर म्हणते. आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. त्यांनी ते कधी मिरवलं नाही. पण आज पोरं हसली, तर ते माझ्यामुळं.

सासूबाई मुरगूडला माहेरी गेलेल्या, त्यामुळं माझी दीड वर्षाची लेक राणूही आण्णांच्या कडेवर.

फळ्यावर मी लिहिलं: रसद, वेढा, माघार, शस्त्रसंधी, जीवितहानी. राणू पहिल्या बाकाखाली शिरून खडूचा तुकडा तोंडात घालत होती. तो काढला. प्राचार्य तर येत नाहीत ना, म्हणून दाराकडं बघितलं. पुन्हा राणूकडं.

मागच्या बाकावरून ऐश्वर्या उठली. भरतीची तयारी करणारी, केस बारीक कापलेले.

"मेजर, तुमी किती जणांस्नी उडवलं?"

फळ्याशेजारी उभ्या आण्णांनी टोपी काढली, परत घातली.

"एक बी न्हाय, बाई. मी लंगरला हुतो. रोट्या भाजायला."

वर्गात हशा फुटलाच. "मेजर, तांबडा-पांढरा करत हुता काय?" कुणीतरी ओरडलं.

माझे कान तापले. उगाचच डस्टर उचललं.

"तिथं कुठला तांबडा, लेकरा!" आण्णाही हसले. मग फळ्याकडं वळले. "ही रसद म्हंजे आमीच. सांजच्याला आकडा यायचा, एवढी माणसं वर चाललीत. सकाळी ती खाली आली की ताटात गरम पडाय पायजे. माणशी चार रोट्या. रातभर भाजायचो."

राणू बाकाखालून येऊन त्यांच्या पायाला चिकटली. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"वर काय झालं ते आमाला कोण सांगणार? सायबांचं सायबांत. मला आपलं टोपल्यातनं कळायचं."

"काय कळायचं?" ऐश्वर्या अजून उभीच होती.

"उरल्या की कळायचं. एक दिस छत्तीस उरल्या."

ऐश्वर्याचे ओठ हलले.

"नऊ," ती म्हणाली, आणि खाली बसली.

"त्या कुणी खाईना. टाकू तरी कशा?" आण्णा म्हणाले. मग राणूला उचलून त्यांनी तिच्या गालावरचा खडू पुसला.

मी फळ्याकडं वळले. 'जीवितहानी'समोर व्याख्या लिहायची होती. तीन वर्षं शिकवतेय, तोंडपाठ आहे. लिहिली नाही.

बसमध्ये राणू आण्णांच्या खांद्यावर झोपून गेली. घरी येऊन मी भाकऱ्या थापल्या. रोज मोजून करते, त्यांच्या शुगरसाठी. त्या दिवशी मोजल्या नाहीत.

जेवणं झाली तेव्हा टोपलीत एक राहिली होती. आण्णांचा हात पुढं आला, आणि माझ्याकडं बघून मधेच थांबला.

भाकरी मीच उचलली. मोडली. अर्धी त्यांच्या ताटात ठेवली, अर्धी माझ्या. राणूनं माझ्यातला पापुद्रा ओढला.

शेवटचा तुकडा संपल्यावर मी टोपली झटकली आणि पालथी घातली.