चाळीस घरांचा महाभियोग

बहारीनमधल्या मंडळात घरं जेमतेम चाळीस, पण नियमावली अशी की एखादा छोटा देश तिच्यावर आरामात चालावा. तिला उद्देशिका आहे, मूलभूत हक्क आहेत, आणि अध्यक्षाला पायउतार करायचं तर साधासुधा अविश्वास ठराव नाही, रीतसर महाभियोग आहे. लेखी नोटीस, आरोपपत्र, बाजू मांडायची संधी, दोनतृतीयांश बहुमत, काही म्हणता काही सोडलेलं नाही. दुसरे लोक मंडळ काढतात तेव्हा आधी जेवणाचा बेत ठरवतात. बाबासाहेबांची लेकरं मंडळ काढतात तेव्हा आधी कलमं लिहितात आणि जेवण मग हॉटेलातून मागवतात.

ही कलमं लिहिली होती विश्वजीतनं. कंपनीत तो इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन, पण मनातून अर्धा वकील. ‘आरोपी अध्यक्षास आपली बाजू मांडण्यासाठी मंडळातील कोणत्याही सभासदाची निवड करता येईल व निवडलेल्या सभासदास सबळ कारणाशिवाय नकार देता येणार नाही,’ हे वाक्य लिहून झाल्यावर त्यानं ते बायकोला, अक्षताला, दोनदा वाचून दाखवलं होतं. आपल्याच कलमाचा बांबू आपल्यालाच बसेल, हे तेव्हा कुठून कळणार?

त्या वाक्याच्या आधारानं अध्यक्ष सदानंदनं आपली वकील म्हणून विश्वजीतच्याच आईला निवडलं.

इंदुबाई तेव्हा अरादमधल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत बसली होती. विश्वजीत मोबाइल नाचवत आत आला.

“पाहा! लाज आहे का त्या माणसाला? आरोप नंबर एक काय आहे? इंदुबाईंचा अपमान. आणि वकील कोण? इंदुबाई!”

“मग बरंच हाय की,” इंदुबाई म्हणाली. “मले सगळं माहीत हाय. शोधायले कुठं जायचं काम नाही.”

“आई, तू नाही म्हणून कळव. तब्येतीचं कारण सांग.”

“माह्या तब्येतीले काय झालं? आणि कलम कोनं लिहिलं? ‘नकार देता येणार नाही’ कोनं लिहिलं?”

अक्षताला हसू आवरेना. ती कणीक मळण्याचं निमित्त करून भिंतीकडे वळली.

अपमान झाला होता, हे मात्र खरं. इंदुबाई मूर्तिजापूरची. गावच्या विहारात वर्षानुवर्षं वंदना तिनंच सांगितलेली, आणि मुलाकडे आल्यावर इथल्या मंडळानंही तो मान तिलाच दिला. जयंतीच्या कार्यक्रमात ती डोळे मिटून वंदना म्हणत होती, मागून सारा हॉल म्हणत होता, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले. पाहुणे मोठे व्यापारी, घाईत असलेले. सदानंदनं सरळ तिच्यापुढचा माइक काढून घेतला आणि म्हणाला, “पुरे आता मावशी, साहेबांना वेळ नाही.” गाथा अर्धीच राहिली. इंदुबाई डोळे उघडून बसली ती बसलीच, आणि सदानंद पाहुण्यांना पुष्पगुच्छ देऊन मोकळा झाला.

विश्वजीतनं ग्रुपवर जाब विचारला, तर सदानंदनं त्यालाच ग्रुपमधून काढून टाकलं. त्याची बाजू घेणाऱ्या दोघांना काढलं. दर शुक्रवारी पाळीपाळीनं एकेका घरी भरणारी वंदना त्यानं कमिटीला न विचारता जुफैरमधल्या आपल्या फ्लॅटवर नेली होती, तेही आता लोकांना आठवायला लागलं. माणूस कामाचा होता, वाघासारखा राबायचा, पण मंडळ म्हणजे आपणच असं त्याच्या डोक्यात शिरलं होतं. महाभियोगाची नोटीस गेली आणि चाळीस घरांत दुसरा विषय उरला नाही.

काय चर्चा त्या! तिकडे अमेरिकेत राष्ट्राध्यक्षावर महाभियोग कसा चालतो, हे टीव्हीवर पाहून पाहून सगळेच तज्ज्ञ झालेले. कोण म्हणे, वरच्या सभागृहात पडतो ठराव. दुसरा म्हणे, अरे बाबा, आपल्याला वरचं सभागृह कुठलं, आपल्याला वरचा मजलाच नाही. सदानंद राहतो की जातो, यावर बिर्याणीच्या पैजा लागल्या. ज्यांच्या व्हिसाच्या कटकटी त्यानं निस्तरल्या होत्या ते म्हणत, स्वभाव सोडा, काम बघा. ज्यांना तो चारचौघांत बोलला होता ते म्हणत, काम सोडा, तोंड बघा. बेरीज कुठल्याही बाजूनं केली तरी दोनतृतीयांशाच्या काठावर येऊन अडत होती.

इंदुबाई या कशातच पडली नाही. तिच्यासमोर एकच पेच होता. सदानंदचे उपकार तिच्या अंगावर होते, आणि ते विसरणारी बाई ती नव्हती.

तीन वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा किसन पहिल्यांदा इथं आले, व्हिजिट व्हिसावर. किसन वीज बोर्डात लाइनमन होता, नुकताच रिटायर झालेला. एका सकाळी चहा पिता पिता त्याची छाती दुखायला लागली. विश्वजीत कामावर समुद्रावरचा पूल ओलांडून पलीकडे सौदीत, अक्षता ऑफिसात, घरात इंदुबाई एकटी, आणि हिंदीसुद्धा धड बोलता येईना. शेजारच्यानं मंडळात फोन केला. सदानंद ऑफिस टाकून आला आणि किसनला सलमानियाच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. आता महाभियोग म्हणजे त्या माणसाविरुद्ध हात वर करायचा.

“तू त्याची वकिली करशील,” विश्वजीत शेवटी म्हणाला, “तर मी काय समजायचं?”

“समज की तुही आई उपकार जाणते. लहानपणी मीच शिकवलं ना तुले हे?”

विश्वजीतनं नियमावली काढली आणि कलमं पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

सभा शुक्रवारी दुपारी जुफैरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये भरली. उपाध्यक्ष तायडे सर अध्यक्षस्थानी. ते इतके गंभीर झाले होते की त्यांनी पाणी मागितलं तेही ठराव मांडल्यासारखं. सदानंद पहिल्या रांगेत, पांढऱ्या शर्टात, मान ताठ. मागच्या खुर्च्यांवर कामगारांच्या कॅम्पातली मंडळी बसली होती, वेल्डर, फिटर, काही थेट ड्यूटीवरून आलेले. ती बऱ्याच दिवसांनी दिसत होती.

विश्वजीतनं आरोपपत्र वाचलं. पहिलाच आरोप आईचा. त्याचा आवाज तिथं जरा कापला, तेव्हा इंदुबाई उठली.

“सर, वकील म्हणून पहिली गोष्ट सांगते. हा पहिला आरोप काढून टाका. अपमान माहा झाला होता, तो मी माफ केला. माफ केलेल्यावर खटला चालत नाही.”

“आई, पण तो सगळ्यांसमोर...”

“सगळ्यांसमोरच माफ करते ना मी.”

हॉलमध्ये हशा पिकला. तायडे सरांनी आरोप रद्द केल्याची नोंद घ्यायला सांगितलं. विश्वजीतनं कागदावर रेघ मारली आणि आईकडे असं पाहिलं की तिला वाईटच वाटलं.

मग ती बोलली. वकिलासारखं तिला येत नव्हतं, घरच्यासारखं येत होतं.

“माणूस गेला माहा इथं, सलमानियात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांले माहीत हाय. पण तिथं काय झालं ते नाही माहीत. मी घरून निघाले ती अनवाणी. चपला घालायचं सुचलंच नाही. दवाखान्यात एसी असा की फरशीवर पाय ठेववत नव्हता. ह्या सदानंदनं खाली बसून आपले बूट काढले, मोजे काढले, अन ते मोजे माह्या पायांत घातले. स्वतःच्या हातानं. पोटच्या पोरानं केलं नसतं असं नाही म्हणत मी, पण पोटचं पोरगं तिथं नव्हतं, हा होता. शेवटचं पाणी यानं पाजलं. माणूस गेल्यावर कागदपत्रं, पेटी, विमान, सगळं यानं केलं, अन पेटीसोबत मूर्तिजापूरले आला. आमच्या गावात याले कोणी ओळखत नव्हतं. गावातल्या बाया इचारत होत्या, हा थोरला का धाकटा? मी म्हटलं, थोरला.”

ती थांबली. पदरानं डोळे पुसले आणि पुसल्याचं लपवलं नाही.

“म्हणून सांगते, हा माणूस वाईट नाही. मी याचे उपकार मानते. आज मानते, उद्या मानते. तोंडाचा फाटका हाय, पण मनाचा नाही. इचार करून हात वर करा.”

हॉल हलला होता. दोघीतिघी रडत होत्या. विश्वजीत बुटांकडे बघत बसला होता, आणि खरं तर त्यालाही सगळं आठवलं होतं. त्या दिवशी पुलावरच्या गर्दीत गाडीत अडकून पडलेला असताना सदानंदचाच फोन आला होता, ‘मी आहे इथं, तू सावकाश ये.’ सदानंदनं रुमाल काढला. ठराव पडणार, हे आता बिर्याणीच्या पैजा लावणाऱ्यांनाही दिसायला लागलं.

“आणखी कोणाला बोलायचंय?” तायडे सरांनी विचारलं.

मागच्या खुर्चीवरून सुमेध उठला. वेल्डर, गोंदियाकडचा, निळ्या कामाच्या कपड्यांतच आलेला.

“मावशी बोलल्या ते खरं आहे सर. माझा भाऊ दवाखान्यात होता तेव्हाही सदानंद साहेबांनी धावपळ केली होती. माझी तक्रार आरोपपत्रात नाही, पण विचारलं म्हणून सांगतो. आम्ही पाच जण एका शुक्रवारी शिफ्ट संपवून साहेबांच्या फ्लॅटवर वंदनेला गेलो. कपडे बदलायला कॅम्पवर गेलो असतो तर वंदना चुकली असती. साहेबांनी दार उघडलं आणि म्हणाले, असे नका येऊ, आज फोटो काढायचेत, कपडे बदलून या. मग आम्ही लिफ्टनं खाली आलो. नंतर गेलो नाही.”

एवढंच बोलून तो बसला. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागलं.

इंदुबाई अजून उभीच होती. किसन खांबावरून उतरून थेट विहारात यायचा, खाकी कपडे घामानं भिजलेले, हातांना ग्रीस. तो मागं बसायला जायचा, तर लोक त्याला पुढे ओढायचे. आणि त्याच्या बापाला, तिच्या सासऱ्याला, गावात कुठल्या कुठल्या दारांत थांबवलं होतं, ते तिला सासूनं सांगितलं होतं. दारात थांबवणं ही काय चीज असते, हे या हॉलमधल्या कोणालाही समजावून सांगावं लागत नव्हतं. म्हणून तर हे मंडळ होतं.

ती सदानंदकडे वळली.

“सदानंदा, खरं हाय का हे?”

“मावशी, त्या दिवशी बाहेरचे पाहुणे होते. दूतावासातले एक जण येणार होते. मी म्हटलं, आपल्या लोकांचं चांगलं दिसावं...”

“थांबवलं का दारात?”

सदानंदची मान पहिल्यांदा खाली गेली. “थांबवलं.”

“माहं बोलणं संपलं, सर,” इंदुबाई म्हणाली आणि खुर्चीवर बसली. गुडघे दुखत होते, ते आता जाणवलं.

मतदान हात वर करून होतं. त्याआधी कोणीतरी मुद्दा काढला की वकिलाला मत असतं का. पाच मिनिटं त्यावर काथ्याकूट झाला, नियमावली उलटसुलट चाळली गेली. तिच्यात यावर काही लिहिलेलं नव्हतं, म्हणजे सभासदाचं मत सभासदाकडेच. विश्वजीतला स्वतःच्या कायद्यातली ही फट आजच कळली.

ठरावाच्या बाजूनं हात वर गेले. तायडे सरांनी मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाले, “एक मत कमी पडतंय. ठराव...”

इंदुबाईनं हात वर केला.

कोणी टाळी वाजवली नाही. विश्वजीतनंसुद्धा नाही. तो आईकडे बघत राहिला. नुसत्या आरोपपत्रानं जिंकलो असतो तर बरं झालं असतं, असं त्याला तेव्हा वाटलं. तायडे सरांनी ठराव मंजूर झाल्याचं सांगितलं, आणि लोक हळूहळू खुर्च्या आवरायला लागले.

विश्वजीत गाडी आणायला पार्किंगकडे गेला. इंदुबाई हॉटेलबाहेर सावलीत उभी होती. ऊन असं होतं की समोरच्या टॅक्सीच्या टपाकडे बघवत नव्हतं. सदानंद बाहेर आला, तिला पाहून थबकला, आणि मग तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

“मावशी, माझ्याबद्दल आयुष्यात एवढं चांगलं कोणी बोललं नव्हतं,” तो म्हणाला. “आणि शेवटचा हातही तुमचाच.”

“दोन्ही मनापासून होतं.”

“ते कळलं मला. त्या पोरांचं मी चुकलो. तेव्हाच कळायला हवं होतं, नाही कळलं.” त्यानं रुमालानं मान पुसली. “फक्त एक विचारतो. काकांच्या वेळचं सगळं... ते तुमच्या मनात होतं ना, हात वर करताना?”

“तेच होतं.”

“मग?”

इंदुबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. डोळे लाल झाले होते त्याचे. पोटच्या पोराला समजवावं तसं ती बोलली.

“आज हात खाली ठेवला असता, तर फिटलं असतं बापा. तू केलं, मी तुह्या बाजूनं मत दिलं. तू मोकळा, मी मोकळी. मले नाही मोकळं व्हायचं. जिवात जीव हाय तोवर मले तुह्या उपकारातच राहायचं हाय.”

विश्वजीतची गाडी समोर येऊन थांबली. सदानंदनं पुढे होऊन दार उघडलं, आणि इंदुबाई गुडघे सांभाळत आत नीट बसेपर्यंत तो ते तापलेलं दार हातानं धरून उभा राहिला.