मीनव्हाइल एकटाच चालतो

“म्या दोनदा फोन उचलला न्हाय, की कुणाला तरी दाराशी धाड. वाट बघत बसू नको.” जळकोटहून माहेरी माकणीला निघाले, तेव्हा शेजारच्या रुद्रम्माव्वा म्हणाल्या होत्या. मी हसण्यावारी नेलं.

आज सकाळपासून त्या फोन उचलत नाहीत.

त्यांच्या लेकी लांब, कर्नाटकात दिलेल्या. त्या घरात एकट्या, त्यात शुगर. माझा नवरा श्रीनाथ उसाचा ट्रॅक्टर घेऊन ढोकीला कारखान्याच्या रांगेत अडकलाय. म्हणाला, संध्याकाळी बघतो, तोवर तू पोरीकडं बघ. पोरीकडंच बघतेय. शिवप्रियाला इथल्या दवाखान्यात सलाईन लावलंय. तिनं हात झटकू नये म्हणून मनगट धरून बसलेय, दुसऱ्या हातात फोन.

हे ‘तोवर’च मला खातंय.

मी गल्लीतल्या पोरांची इंग्रजीची शिकवणी घेते. एकदा ओट्यावर ‘मीनव्हाइल’ शिकवत होते. रुद्रम्माव्वा शेंगा फोडत ऐकत होत्या. मी अर्थ सांगितला, ‘दरम्यान’. त्या म्हणाल्या, हे तर बातम्यांतलं झालं, आपल्यातलं सांग. मग स्वतःच सांगितलं: दूध तापत ठेवून बाई दारात बोलत उभी राहते ना, तेवढा वेळ. पोरं खिदळली. मी पुढचा नियम सांगितला, त्याच अर्थाच्या ‘मीनटाइम’च्या आधी ‘इन द’ लागतं. ‘मीनव्हाइल’ला सोबत लागत नाही, तो एकटाच चालतो.

“मग त्यो माझ्यातलाच हाय की,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून पोरं त्यांना मीनव्हाइल आज्जी म्हणतात. त्या ओ देतात.

आई म्हणते, झोपल्या असतील. असतीलही. फोन घरात ठेवून शेळीला पाला आणायला गेल्या असतील. पण दूध उतू जातं ते असंच, आपण ‘असतील, असतील’ म्हणत उभे असतो तेव्हा. पलीकडचं घर बंद आहे, पोरं शाळेत, किराणावाल्या ईरण्णांचा फोन लागत नाही. आत्ता पुन्हा लावला. नुसती रिंग जातेय.

म्हणून इथं ग्रुपवर हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणी जळकोटवरून जाणार असेल, तर हायवे सोडून जरा आत वळा. रुद्रम्माव्वांचं घर विचारा; निळं दार, पुढं शेवगा. जोरात वाजवा, त्यांना कमी ऐकू येतं. उघडलं नाही तर मागच्या खिडकीतून हाक मारा, अव्वा म्हणा. सलाईन संपलं की मी निघतेच. तोवर कुणीतरी जा.