टेबलाची उंची

सुताराला आपल्या डोक्याचा भारी अभिमान. खोलीची मापं कुणीही घेतो, आपण माणसांची घेतो, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा. स्वयंपाकघराचं टेबल करायचं तर आधी बाईंना ताठ उभं करायचा, कोपर वाकवायला लावायचा आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप धरून त्यातून पाच इंच वजा करायचा. झालं टेबल.

या घरात मात्र त्याची पंचाईत झाली. सून ताडमाड उंच, सासू जेमतेम तिच्या खांद्याला लागणारी. जुन्या बुटक्या टेबलाशी वाकून वाकून सुनेच्या पाठीचे टाके ढिले झाले होते. पण कणीक अजून सासूच मळायची, भाजीही तीच चिरायची. घरात बाकी कशात तिला कुणी विचारत नव्हतं. तेवढं टेबल हातचं गेलं, की आपण नुसतं खुर्चीत बसून राहणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"तुम्हीच काय ते ठरवा, काका," असं म्हणून सून मोकळी झाली.

सुतारानं ठरवलं. टेबल सासूच्या मापाचं केलं आणि पायांखाली बसतील असे पाच इंची चार ठोकळे वेगळे बनवले. प्रत्येकाला वर खळगा, टेबलाचा पाय अलगद आत जाईल असा. काम इतकं सफाईदार झालं की तो स्वतःवरच खूश झाला. टेबल पोचवलं त्या दुपारी ठोकळ्यांचा गठ्ठा त्यानं सुनेच्या हाती दिला.

"जपून ठेवा. पुढेमागे लागतील."

सासू दारातच उभी होती. तिनं एक ठोकळा घेतला, खळग्यातून अंगठा फिरवला.

"पुढेमागे म्हणजे कधी हो, सुतारदादा?"

आपण या बाईच्या मरणाची सोय करून, वर पॉलिश मारून घरपोच आणलीय, हे सुताराला आत्ता उमगलं. त्याला मनापासून लाज वाटली. सून मान खाली घालून गठ्ठ्याची सुतळी गुंडाळत राहिली.

"आत्ताच बसवा," सासू म्हणाली. "हिची पाठ आज दुखतेय."

त्यानं ठोकळे बसवले. सासूनं टेबलावर हात टेकून पाहिले. खांदे वर चढत होते.

"मला पायाखाली घ्यायला एक पाट करून द्या. साध्याच लाकडाचा, हलका. नंतर उचलून टाकायला कुणाला जड जायला नको."

एवढी सोपी युक्ती तीस वर्षांच्या सुतारकामात आपल्याला सुचू नये, याचा सुताराला राग आला, तोही स्वतःचाच.

"हलका बिलका काही नको," सून एकदम म्हणाली. "चांगल्या जाड फळीचा करा, काका. वीस वर्षं तिथून हलायला नको."

"वीस? माझं वय ठाऊक आहे ना गं तुला?"

"ठाऊक आहे. चपला काढा आणि नीट उभ्या राहा, आई. काकांना माप घेऊ द्या."