एकीलाही अडचण नाही

सकाळी मशीन सुरू करण्याआधी बायकांनी गोल उभं राहायचं आणि प्रत्येकीने आपली एक अडचण सांगायची, हे नवं खूळ आमच्या तिरुपूरच्या बनियन कारखान्यात आलं. मालक रंगसामी कसल्याशा शिबिराला गेले आणि हे शिकून आले. ज्या लाइनवर अडचणी निघत नाहीत, तिथली सुपरवायझर बायकांना दाबून ठेवते, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

आणि माझ्या लाइनवर मेली एकीलाही अडचण नव्हती!

आज मालक स्वतः ऐकायला येणार होते. आजही सगळ्या मुक्या राहिल्या तर तुला परत मशीनवर बसवू, असं मॅनेजरने मला तोंडावर सांगितलं होतं. मशीनवरून सुपरवायझर झालेली मी पहिलीच. मीच पडले तर पुढे दुसरीला कोण विचारणार?

चहाच्या टपरीवर मी मरगदम अक्काला गाठलं. ती माझ्याच लाइनवरची, हिनेच मला शिलाई शिकवलेली.

"अक्का, पाया पडते, आज काहीतरी बोला हो. सुई मोडते म्हणा, पंखा बंद आहे म्हणा."

"मालकापुढे रडगाणं गाऊन तुझं नाक कापू? आम्ही काय तसल्या आहोत?" अक्काने वडा चहात बुडवला. "घाबरू नकोस कण्णू, लेकरा, तुझी लाज आम्ही राखू."

आता काय कपाळ! तेच तर नको होतं.

गोल झाला. मालक दाराशी उभे राहिले, हात मागे बांधून, बाजूला मॅनेजर.

"बोला हो. काय अडचण?"

"काही नाही जी," कनका म्हणाली.

"पूंगोडी असताना कसली अडचण?" पळनीअम्माने माझी आरती सुरू केली.

"देवमाणूस आहे," अक्काने कळस चढवला.

एकेक कौतुक मला महागात पडत होतं. मालकांचा चेहरा आंबट झाला.

"इतक्या बायका आणि सगळ्या सुखात? माझ्या घरात तर चौघांचंही पटत नाही." मग ते माझ्याकडे वळले. "तुमची काय अडचण, पूंगोडी?"

"काही नाही जी, सगळं ठीक."

तोंडातून निघूनच गेलं! माझी मलाच चीड आली. मी तरी कधी वरच्याला खरं सांगितलंय, की या मला सांगतील? म्हटलं, जागा तर गेलीच, आता कशाला जीभ आवरायची.

"आहे अडचण. तुम्हीच आहात," मी म्हणाले. आवाज चिरकला. "तुम्ही दाराशी पाहुण्यासारखे उभे राहता. मॅनेजरसाहेब नावं लक्षात ठेवतात. कनकाने मागे खराब सुयांबद्दल तक्रार केली, तर तिला महिनाभर पॅकिंगला टाकलं. कोण बोलेल?"

मॅनेजर खोकला. मालक चपला काढून आत आले आणि पळनीअम्माच्या शेजारी, गोलात उभे राहिले. आमच्याकडे चपला काढून कुणी आलं की तो घरचा.

अक्काने हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला.

"माझी एक अडचण आहे," ती म्हणाली. "ही पूंगोडी."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"सुपरवायझर झाली आणि वरच्या खोलीत जेवायला लागली. पूर्वी शिलाई चुकली तर कानात सांगायची. आता लाल चिठ्ठी चिकटवून निघून जाते, माझ्या तोंडाकडे बघतही नाही. मी घरी जाऊन रडते, माहीत आहे?"

"बघा, बोलली की नाही लाइन!" मालक खूश झाले. "पूंगोडी, जागा तुमचीच."

मला जागेचं काहीच वाटेना. अक्काजवळ जाऊन तिचा हात धरावा असं फार वाटत होतं, पण तोवर कनकानेही हात वर केला होता.