दोन टोले

संग्रहालयाने ती जुनी ट्रॅम रंगरंगोटी करून अशी नटवली होती की म्हातारीने आधी तिला ओळखलंच नाही. ओळखलं ते शेजारच्या पाटीमुळे. गाडी केव्हा बांधली, कोणकोणत्या रस्त्यांवर धावली, असं सगळं कौतुक झाल्यावर शेवटची ओळ होती: 'कंडक्टरच्या निष्काळजीपणामुळे या गाडीला एकदाच अपघात झाला.'

तो निष्काळजी कंडक्टर म्हणजे तिचा नवरा.

ट्रॅमचा नियम साधा होता. कंडक्टरने मागून दोरी ओढायची, चालकाच्या डोक्यावर घंटेचे दोन टोले पडायचे, मगच गाडी हलायची. त्या दिवशी तो पायरीवर उभा राहून एका बाईला हात देऊन उतरवत होता. गाडी सुटली आणि त्याचा पाय चाकाखाली गेला. चौकशीत चालकाने छातीठोकपणे सांगितलं, "दोन टोले झाले. मी या कानांनी ऐकले." साहेबलोकांना तेवढंच हवं होतं. सगळं खापर कंडक्टरवर फुटलं, पायापाठोपाठ नोकरीही गेली. "मी दोरीला हात लावला नव्हता गं," हे तो मरेपर्यंत बायकोला सांगत राहिला. दुसरं ऐकायला होतं कोण?

ती ओळ पुसा म्हणून म्हातारीने संग्रहालयाचे उंबरे झिजवले. "पुरावा काय, काकू?" एवढंच तिथले प्रमुख विचारायचे, तेही गोड हसून. आणि आता त्याच माणसाने तिला ट्रॅम पुन्हा चालवायच्या समारंभाला बोलावलं होतं. चालकाचा मुलगा गाडी हाकणार, कंडक्टरची बायको टोले देणार, फोटो झकास येणार! जखमेवर मीठ चोळायचं, तेही हारतुरे घालून.

सुनेला घेऊन ती आली, डब्यात मागे दोरीखाली बसलीही, पण टोले द्यायला नाही.

चालकाचा मुलगा बापाची टोपी चढवून हँडलपाशी उभा होता. भाषण ठोकून झालं होतं. "टोल्याशिवाय माझ्या वडिलांनी कधी गाडी हलवली नाही. शिस्त आमच्या रक्तातच आहे." लोकांनी टाळ्याही पिटल्या. म्हातारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"द्या काकू, टोले द्या," तो मान मागे वळवून म्हणाला.

"मी तुझी काकू नाही. तुझा बाप खोटं बोलला, ते आधी या सगळ्यांसमोर सांग."

"आई, लोक बघतायत," सून तिच्या कानाशी कुजबुजली.

"बघू देत. बघायलाच आलेत."

"म्हातारपणी तरी जरा लाज बाळगा!" तो भडकला. "मेलेल्या माणसावर चिखल उडवता?"

"माझाही मेलाय. त्याच्यावरचा चिखल तर तुम्ही पाटीवर लिहून ठेवलाय."

तो दातओठ खात पुढे वळला. पाहुण्यांना चढवून झाल्यावर प्रमुख स्वतः हातात पुष्पगुच्छ घेऊन पायरीवर पाय ठेवतच होते. एवढ्यात त्याने हँडल फिरवलं. गाडीला हिसका बसला, उभे पाहुणे एकमेकांवर आदळले, प्रमुख खाली फरशीवर आपटले आणि पुष्पगुच्छ चाकाखाली चिरडला. कोणीतरी किंचाळलं. त्याने घाबरून ब्रेक दाबला.

"काय हे! टोले कुठे झाले?" प्रमुख गुडघा धरून ओरडले.

"झाले ना! दोन टोले झाले!" तो घामाघूम झाला होता. "शप्पथ सांगतो, मी ऐकले!"

सगळ्यांच्या माना म्हातारीकडे वळल्या. तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीवर होते. दोरी तिच्या डोक्यावर लोंबकळत होती.

"आईंनी दोरीला हात लावला नाही," सून म्हणाली. मघाशी लाजेने खाली गेलेली तिची मान आता ताठ होती. "मी शेजारीच बसलेय."

प्रमुख पाटीकडे बघत होते. या वेळी ते हसले नाहीत.

म्हातारी सुनेचा हात धरून उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"हँडलवरचा हात काढ," ती त्याला म्हणाली. "मला उतरायचंय."